गुळाची पुरचुंडी वेगळी

धुळ्याच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे आमच्या नातलगांत एक गैरसमज कायमचा बसला आहे. आमच्या घरच्या सत्वाचं गुपित मी शोधून काढलं, असं सगळे धरून चालतात. लग्नकार्यात कोणी ना कोणी माझा हात धरून म्हणतोच, "भाऊ, ते तुम्ही शोधलंत." मी दर वेळी सांगतो की ते माझ्या मायनं शोधलं, मी उलट तिच्या वाटेत आडवा पडलो होतो. लोक हसतात. त्यांना तो माझा विनय वाटतो. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, हे माझा कोणताही विद्यार्थी सांगेल. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

माय धरणगावची. तिला अक्षरओळख नव्हती, पण धान्याची होती. मूठभर ज्वारी हातात घेऊन ती कोणत्या शेतातली हे सांगायची आणि सहसा चुकायची नाही. आमच्या घरात तान्ह्या पोरांसाठी आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी ती ज्वारीचं सत्व करायची. ज्वारी भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून दोन-तीन दिवस मोड येऊ द्यायचे, सावलीत वाळवायची, वाळलेले मोड आणि मुळ्या हातांनी चोळून पाखडून टाकायच्या आणि राहिलेला दाणा जात्यावर बारीक दळायचा. करायला सोपं आहे, फक्त घाई करून चालत नाही.

या सत्वाची करामत अशी. साध्या ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवायची, चुलीवरून उतरवायची, बोट बुडवून सोसेल इतकी निवू द्यायची आणि मग त्यात चिमूटभर सत्व घालून ढवळायचं. थोड्या वेळात पळीला चिकटून बसलेला गोळा सैल होतो आणि धार होऊन खाली उतरतो. वरून पाणी घातलेलं नसतं. म्हणजे पोटात धान्य तेवढंच जातं, फक्त गिळायला सोपं होतं. माय याला 'धार सुटनी' म्हणायची. धार सुटल्याशिवाय ती वाटी कोणाच्या पुढे करत नसे.

मोड आलेल्या दाण्यात एक कामकरी द्रव्य असतं. ते पिठातल्या लांबलचक चिकट साखळ्या तोडतं. पुण्याला कॉलेजात आम्ही त्याला डायस्टेज म्हणायचो, आता अशा द्रव्यांना विकरं म्हणतात. मायला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी बहीण साक्रीजवळच्या एका गावी दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती धरणगावला आली, मुलगी झाली आणि पाठोपाठ बहिणीला असा ताप भरला की अंगावरचं दूध गेलं. गाईचं दूध पोरीला मानवेना, बकरीचंही मानवेना. सहा महिन्यांची झाली तरी हातात घेतली की अंगापेक्षा दुपट्याचंच वजन जास्त वाटायचं. पातळ पेज दिली तर नुसतं पाणीच पोटात जायचं, घट्ट दिली तर ठसका लागून ती काळीनिळी पडायची. मग मायनं सत्व काढलं. दोन महिन्यांत पोरीच्या मनगटाला वळी पडली. ती वळी माय येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

माघात बहीण पोरीला घेऊन सासरी गेली. सोबत सत्वाचा मोठा डबा. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेकीच्या घरी कोरडं पीठ धाडत नाहीत. कोरडं पीठ जातं सुतकाच्या घरी. लेकीला पीठ द्यायचं तर त्यात गूळ पडायलाच हवा. मायनं चांगला मऊ, पिवळा गूळ चिरला, सत्वात मिसळला, दाबून डबा भरला. त्यात वावगं असं कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

वैशाखाच्या तोंडावर मला धुळ्याला बहिणीचं पत्र आलं. चौथी शिकलेली ती, अक्षर मोठं आणि तिरपं. "भाऊ, पहिला महिनाभर सत्व चांगलं चाललं. आता चालत नाही. पेज गोळाच राहते आणि पोर तोंड फिरवते. सासूबाई म्हणतात मी उकळत्या पेजेत टाकते. मी रोज बोट बुडवूनच टाकते. पोरीकडे पाहवत नाही. तू ये."

रविवारी मोटार धरून मी साक्री गाठली, तिथून गाडीवाटेनं तिच्या गावी गेलो. पोरीच्या मनगटावरची वळी गेली होती. मला ओळखून ती हसली, पण हसताना गळ्याची हाडं वर आली. बहिणीनं माझ्यासमोर पेज केली, बोट बुडवलं, सत्व घातलं, ढवळलं. आम्ही वाट पाहत बसलो. पळी उचलली तर गोळा तसाच पळीला धरून.

मी डबा मागवला. माघात पांढुरकं असलेलं पीठ तपकिरी पडलं होतं, खडे धरले होते आणि त्याला भाजल्यासारखा खमंग वास येत होता. वास घेतल्याबरोबर मी निकाल दिला. अंगणात विहीणबाई, दीर, शेजारणी बसलेल्या, आणि मी पुण्याच्या शुद्ध भाषेत सांगितलं, "याला आच लागलेली आहे. उष्णतेनं डायस्टेज मरतं. आईनं या खेपेला चुलीजवळ वाळवलं असणार." बहिणीवरचा आळ मी अशा रीतीनं काढला आणि तिथे हजर नसलेल्या मायवर ठेवला. तेव्हा मला ते मोठं शास्त्रीय काम वाटलं होतं. आज ते अंगण आठवलं की कान गरम होतात.

डबा काखोटीला मारून मी अमळनेरवरून धरणगावला आलो आणि ओसरीवर बसायच्या आत मायला तेच ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आच माले कयस," ती म्हणाली. "तुना जलमना पहिलेपाइन कयस." आमच्या बोलीत 'कयस' म्हणजे कळतं.

तिनं घरातलं मडकं पुढे ओढलं. त्याच दळणाचं सत्व त्यात उरलं होतं, घरच्यासाठी ठेवलेलं, म्हणून बिनगुळाचं. तिनं पेज केली, त्यातलं चिमूटभर टाकलं. पळीवरून धार सुटली. तीच ज्वारी, तेच वाळवण, तेच जातं. आच लागली असती तर दोन्हीला लागली असती. मी तोंडघशी पडलो, पण पुण्याला शिकलेला माणूस एका खेपेला हार मानत नाही. मी म्हणालो, मग डबा चुलीमागच्या फळीवर राहिला असेल.

माय माझ्याकडे लक्षच देत नव्हती. तिनं साक्रीचं सत्व सुपात ओतलं आणि सूप दाराशी उजेडात आणलं. मिसळताना गुळाचे काही खडे न फुटता तसेच राहिले होते. त्यातला एक तिनं अलगद बोटांनी उचलला. त्याच्या भोवतीचं पीठ सगळ्यात काळपट होतं. जरा लांबचं फिकं, आणि डब्याच्या तळाशी, जिथे गूळ फारसा पोचलाच नव्हता, तिथलं जवळजवळ पांढरं. मीही तेच सूप पाहत होतो. मला तपकिरी पीठ दिसलं होतं, तिला गुळाच्या खड्याभोवतीची रंगाची कडी दिसली.

तिनं पिठाचे रंगाप्रमाणे तीन ढीग केले. तीन वाट्या पेज घेतली. काळपट पिठानं काही केलं नाही. मधल्यानं पेज किंचित हलली. तळाच्या पांढऱ्यानं उशिरा का होईना, धार सोडली. माय त्या तीन वाट्यांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "गुय."

मी हसलो. गूळ टिकवतो, बिघडवत नाही, हे पाकातला आवळा खाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे, असं मी सांगितलं. गूळ काही आम्ल नाही, विष नाही. माझ्या पुस्तकात विकरांना मारणाऱ्या गोष्टींची यादी आहे, तीत गूळ नाही. मी ती यादी तोंडपाठ म्हणूनही दाखवली.

"तुनं पुस्तक खोटं नही," माय म्हणाली. "पण त्यामा मन्हं पीठ नही."

तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही उमटलं. गूळ म्हणजे तिनंच घातलेला गूळ. स्वतःच्या हातानं, शकुन म्हणून, चांगला पाहून चिरलेला. ती सुपाकडे पाहत म्हणाली, "पोर उपाशी ऱ्हायनी ती मन्हा हातनी." तिनं डोळ्याला पदर लावला. माझ्या मायला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी तिथेच खांबाला टेकून उभा राहिलो, कारण अजूनही मला ती चुकते आहे असंच वाटत होतं.

पोरीला थांबायला वेळ नव्हता. घरचं बिनगुळाचं सत्व लगेच धाडायचं, एवढं उघड होतं. पण इथेच माय अडली. आजारी पोराच्या घरात कोरडं पीठ धाडायचं. विहीणबाई गाठ सोडतील आणि आत कोरडं पीठ दिसेल. मरणाच्या घरी जातं तसलं. मी म्हणालो, असल्या गोष्टी मनात आणू नकोस. ती म्हणाली, "तू नको आनू. मन्हा मनमा येस ना." गूळ घातला तर सत्व मरतं आणि न घातला तर शकुन मोडतो. तिच्या डोळ्यांनी जे सुपात पाहिलं होतं ते तिला खोटं पाडता येत नव्हतं, आणि जन्मभर पाळलेली रीतही सोडवत नव्हती. ती उठून पाण्याचा हंडा घासत बसली. घासायची गरज नव्हती, तो लखलखीत होता.

हंडा घासून झाल्यावर तिनं फडकं पसरलं, त्यात सत्व घातलं आणि घट्ट गाठ मारली. दुसऱ्या लहान फडक्यात गुळाचा खडा बांधला आणि ती पुरचुंडी पिठाच्या गाठोड्यावर, बाहेरून, बांधून टाकली.

"गुय वर, पीठ खाले," ती म्हणाली. "दोन्हीस्ले भेटू नको देजो. जेवाना टाइमले वाटीमा भेटतीन."

इतकी साधी गोष्ट. पण आमच्या गल्लीत तोवर कोणी ती केली नव्हती.

मी निघताना तिनं पितळेचे दोन सारखे डबे काढले, दोन्हींत घरचं सत्व भरलं आणि एकात गूळ मिसळला. शिडीवरून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, जाऊन ते उन्हात शेजारी शेजारी ठेवले. "एकमा गुय टाकेल शे, एकमा नही. बाकी बठ्ठं सारखंच शे. दहा दिनमा ये. मंग बोल." प्रयोग करताना एकच गोष्ट बदलावी, बाकी सगळं सारखं ठेवावं, हे मी शाळेत फळ्यावर लिहून द्यायचो. मायच्या तोंडून ऐकलेलं ते माझंच वाक्य आहे हे कळायला मला साक्रीच्या वाटेपर्यंत वेळ लागला.

साक्रीकडे विहीणबाईंनी गाठोडं माझ्या हातून घेतलं. त्या करारी बाई, पण वाईट नव्हत्या. नातीसाठी त्यांनीही दोन महिने देव पाण्यात ठेवले होते. मोठी गाठ सुटली, कोरडं पीठ दिसलं, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. बहिणीचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं गुळाची पुरचुंडी पुढे केली आणि मायचा निरोप जसाच्या तसा सांगितला, तिच्याच बोलीत. शुद्ध भाषेत तो सांगताच येईना. विहीणबाईंनी पुरचुंडी सोडली, गूळ देवापुढे ठेवला, कणभर पोरीच्या जिभेला लावला आणि सुनेला म्हणाल्या, "चाल, पेज कर."

पेज झाली. बहिणीनं बोट बुडवलं आणि ते बुडवलेलं बोट सासूला दाखवलं. सत्व घातलं, ढवळलं. मग तिनं पळी उचलली आणि धार सुटली, सरळ, न तुटता. पोरीनं अर्धी वाटी खाल्ली आणि चमचा लांब गेला की हात आपटायला लागली. बहीण माझ्याकडे पाठ करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. विहीणबाई तिच्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुना हातमा खोट नही व्हती, बाई." एवढं बोलून त्या गोठ्याकडे निघून गेल्या.

दहा दिवसांनी मी धरणगावला गेलो तेव्हा माय मला बोलू न देता धाब्यावर घेऊन गेली. दोन्ही डबे हात लावू देत नव्हते इतके तापले होते. बिनगुळाचं सत्व होतं तसंच, फार तर जरा पिवळसर. गुळाचं तपकिरी, खमंग, खडे धरलेलं. खाली येऊन दोन वाट्या झाल्या. बिनगुळाच्या सत्वानं धार सोडली. गुळाच्या सत्वाच्या वाटीत पळी उभी राहिली. ऊन दोन्हीला सारखंच लागलं होतं. तोवर मी वाटेत तीन नव्या शंका जुळवून ठेवल्या होत्या, त्या गिळल्या.

"आते लिख तुना पुस्तकमा," माय म्हणाली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो पदवी घेताना वाटला नव्हता. मी तिच्या पाया पडलो. तिला वाटलं मी जायला निघालो, म्हणून ती शिदोरी बांधायला उठली.

कारण मला पुढे फार वर्षांनी कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दुधाची आणि अंड्याची भुकटी डब्यात तपकिरी का पडते, यावर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं. विकरं ही प्रथिनंच. काही साखरा, आणि साखर मोडून होणारे तिचे बारीक, तिखट तुकडे, प्रथिनांना जाऊन चिकटतात. ऊब आणि जराशी ओल मिळाली की चिकटणं जोरात चालतं, रंग तपकिरी होतो, वास खमंग येतो. विकराच्या ज्या जागी काम व्हायचं तिथेच किंवा तिच्या आसपास हे तुकडे बसले, किंवा त्यांनी त्याची घडीच बिघडवली, की ते काम करेनासं होतं. पहिला महिनाभर सत्व चाललं ते म्हणूनच. चिकटायला वेळ लागत होता, आणि उन्हाळा यायचा होता. एक एक कोडं सुटत गेलं तसा मी वाचता वाचता उभाच राहिलो.

सुट्टीत जाऊन मी हे सगळं मायला सांगितलं, या वेळी तिच्या बोलीत. पिठात एक गडी राहतो, तो आपल्या हातांनी पेजेची गुंतवळ तोडतो, आणि गूळ शिळा होत गेला की त्याच्या हातांना चिकटून बसतो, मग त्याला काही धरता येत नाही. तिनं मन लावून ऐकलं.

"म्हंजे गुय चिकट शे," ती म्हणाली. "हाई तर माले ठाऊकच व्हतं."

तोवर आमच्या गल्लीत, मग धरणगावात, मग जिथे जिथे आमच्या मुली दिल्या होत्या तिथे, सत्वाच्या गाठोड्यावर गुळाची पुरचुंडी वेगळी बांधायची रीत पडली होती. बायका ती जुनीच रीत म्हणून पाळायच्या. मी शाळेत दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गच्चीवर दोन डबे ठेवायचो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा प्रयोग कोणत्या पुस्तकातला? मी म्हणालो, धरणगावचा. त्यांनी तसं लिहून घेतलं की नाही ते ठाऊक नाही, पण मी मान वर करून सांगितलं होतं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात माय आजारी पडली. जो तो स्वातंत्र्याच्या गोष्टी करत होता, आणि आमच्या घरात मायला घास गिळता येत नव्हता. घट्ट काही दिलं की ठसका, पातळ दिलं की अंगात काही टिकत नाही. साक्रीहून भाची आली. तीच पोर, आता सतरा वर्षांची, धडधाकट, हातात बांगड्या मनगटाला घट्ट बसणाऱ्या. येताना तिनं गाठोडं आणलं होतं, स्वतः केलेल्या सत्वाचं. वर गुळाची पुरचुंडी.

तिनं पेज केली, बोट बुडवलं, सत्व घातलं आणि वाटी घेऊन मायच्या उशाशी आली. आजीला ती मोठी माय म्हणायची. "मोठी माय, तोंड उघड," ती म्हणाली.

मायनं ओठ मिटून घेतले. बोलायची ताकद तिच्यात फारशी उरली नव्हती. तिनं चादरीतून हात काढून नुसती पळीकडे खूण केली. मला कळेना. पोरीला कळलं. तिनं पळी भरून वाटीवर उंच धरली आणि तिरपी केली.

मायनं ती धार खालपर्यंत पाहिली आणि मगच तोंड उघडलं.